टू व्हील ड्राइव्ह पिकअप घरच्या घरी फोर व्हील ड्राइव्ह करता येईल का? (कोकणातला उतार, चिखल आणि बाग)

लाल माती

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. डांबरी रस्ता संपला की सड्यावरून खाली बागेत जाणारी पाणंद लागते, एका अंगाला गडगा आणि दुसऱ्या अंगाला वहाळ. गाडी बोलेरो कॅम्पर, डबल केबिन, २५२३ सीसी डिझेल, टू व्हील ड्राइव्ह. कोरडं असेल तेव्हा काहीच अडचण नाही, पण मे अखेरीला वळीव पडला की जांभ्यावर लाल चिखलाचा पातळ थर बसतो आणि मग त्याच्यावर पाय पण ठरत नाही, गाडी कुठली ठरणार. नेमकं तेव्हाच शेवटच्या पेट्या बाहेर काढायच्या असतात, नंतर जूनमध्ये खत आत न्यायचं असतं, आणि खालच्या वाडीत कोणी आजारी पडलं तर वर रस्त्यापर्यंत आणायला हीच गाडी जाते.

माझा मित्र लेथवाला आहे, वेल्डिंग चांगलं आहे त्याचं, आमच्याकडे शेड आहे, चेन पुली आहे. या गाडीला फोर व्हील ड्राइव्ह करायचं मनात आहे. कॅम्पर कंपनीतून फोर व्हीलमध्ये पण यायची, म्हणजे पार्ट असणारच. जुन्या बाजारातून पुढचा एक्सल आणि ट्रान्स्फर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) आणून बसवलं तर होईल ना? कोणी स्वतः केलंय का? कुठून सुरुवात करू? कोणी "नवीन थार घे" सांगू नका, तेवढं बजेट नाही.

तिसरा गिअर

वाचतोय. माझ्याकडे पण टू व्हील पिकअप आहे, गगनबावड्याच्या बाजूला शेत आहे.

जुनं लोखंड

लाल माती, करता येतं. आमच्या वडिलांचं साताऱ्याला गॅरेज होतं, तिथे जुन्या टू व्हील जीपचं फोर व्हील केलेलं मी हाताने केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. पण आधी एक सांगतो, "पुढचा एक्सल आणि ट्रान्स्फर केस" एवढंच डोक्यात धरून बाजारात जाऊ नकोस. त्या दोन वस्तू लगेच मिळतात. त्यांच्यामुळे बाकी जे बदलावं लागतं त्याची यादी मोठी असते आणि काम तिथेच अडकतं.

ती जीप चिऱ्याच्या खाणीत चालायची, खाणीच्या आवाराबाहेर येत नव्हती. पुढे पाटे, पुढचा एक्सल नुसता बीम, म्हणजे चाकं धरणारा दांडा, त्यात गिअर वगैरे काही नाही. ट्रान्स्फर केस होती जुन्या विलीज घराण्यातली स्पायसर १८. आता या केसची गंमत अशी की मागचा जॉइंट, म्हणजे एक्सलकडे जाणारा शाफ्ट, गाडीच्या मधोमध निघत नाही, उजवीकडे सरकून निघतो, पुढचाही त्याच रेषेत. म्हणून जुन्या फोर व्हील जीपखाली वाकून बघ, मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, मध्यावर नसतो, उजवीकडे असतो. आमच्या टू व्हील जीपचा गोळा मध्यावर. म्हणजे पुढचा एक्सल आणायला गेलो आणि मागचाही बदलावा लागला. दोन्ही एक्सल एकाच गाडीचे उचलले, त्यामुळे रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) जुळण्याचा प्रश्न आपोआप सुटला, बोल्टचा पिच पण सारखा मिळाला, पाच बोल्ट १३९.७.

नंतर मागचा प्रोपेलर शाफ्ट. मध्ये ट्रान्स्फर केस आली की तो आखूड करावा लागतो. लेथवर पाइप कापून परत वेल्ड करताना दोन्ही टोकांचे योक (जॉइंटची काट्यासारखी टोकं) एका रेषेत पाहिजेत, कापायच्या आधी पाइपवर छिन्नीने लांब सरळ खूण मारून घ्यायची, खडूची पुसली जाते. योक थोडे जरी फिरले तरी गाडी एका ठराविक स्पीडला थरथरते आणि माणूस चाकं बॅलन्स करत बसतो. वेल्डिंगनंतर शाफ्ट बॅलन्स करणाऱ्याकडे द्यायचाच, तुझ्या मित्राचा हात कितीही चांगला असला तरी.

पुढच्या एक्सलचे नकल, म्हणजे स्टेअरिंगबरोबर वळणारे चाकाचे सांधे, जुन्या पद्धतीचे, बंद गोळ्याचे. किंग पिनच्या (नकल जिच्यावर वळतो ती पिन) बेअरिंगला वर-खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. ऑइल सील न लावता नकलला ताणकाटा अडकवून ओढून बघायचं, किती जोराला नकल फिरायला लागतो ते मॅन्युअलच्या आकड्याशी ताडायचं, सैल असेल तर शिम काढायची, जड असेल तर घालायची. हे न करता घट्ट करून टाकलं तर स्टेअरिंग वळून परत सरळ येत नाही. सैल राहिलं तर खड्ड्यात चाक गेलं की अख्खं स्टेअरिंग हातात नाचतं. शिवाय ब्रेकचे पाइप नव्याने वळवावे लागले, सायलेन्सर पुढच्या जॉइंटच्या वाटेत होता तो सरकवला, आणि स्पीडोमीटरची केबल त्या केसमधून निघते म्हणून तीही बदलली.

एवढं सगळं, आणि ती गाडी पाट्यांची होती, म्हणजे त्यातल्या त्यात सोपी. तुझ्या कॅम्परला पुढे काय आहे ते खाली झोपून बघ आणि इथे लिही. पाटे, कॉइल, का टॉर्शन बार?

लाल माती

काका, मनापासून आभार. आज बघितलं. पुढे दोन आर्म आहेत वर-खाली आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. चाकाच्या मागून बघितलं तर नकलला मध्ये भोक नाही, भरीव आहे.

जुनं लोखंड

मग अवघड आहे. फोर व्हीलला चाकाला फिरवणारा हाफ शाफ्ट डिफरन्शियलमधून निघून दोन आर्मच्या मधून नकलच्या भोकातून हबपर्यंत जातो. तुझ्याकडे त्या वाटेत कॉइल उभी आहे आणि नकल भरीव, म्हणजे शाफ्टला जायला जागाच नाही. टॉर्शन बारमध्ये स्प्रिंगचं काम लांब दांड्याला पीळ बसून होतं, तो दांडा चासीला समांतर मागे जातो आणि आर्मच्या मधली जागा मोकळी राहते, म्हणून बऱ्याच फोर व्हील गाड्यांना पुढे टॉर्शन बार दिसतो.

म्हणजे तुला नकल, आर्म, स्प्रिंग, आर्म जिथे बसतात तो क्रॉस मेंबर आणि डिफरन्शियलचे माउंट, सगळं बदलायला लागणार. इंजिनचं सम्प (खालची ऑइलची टाकी) पण बघ, फोर व्हील मॉडेलला बऱ्याचदा पुढच्या डिफरन्शियलसाठी सम्पला खाच दिलेली असते. आणि गिअरबॉक्स. टू व्हीलच्या गिअरबॉक्सला मागे शेपूट असतं आणि त्यातून जॉइंट निघतो. फोर व्हीलच्या गिअरबॉक्सची मेन शाफ्ट वेगळी, मागचं हाउसिंग वेगळं. म्हणजे गिअरबॉक्स उघडायचा किंवा पूर्ण बदलायचा.

दुसरा मार्ग म्हणजे कॉइल, आर्म सगळं काढून पाट्यांवर अख्खा लाइव्ह एक्सल घालायचा. तिथे पाट्यांचे शॅकल चासीला कुठे बसणार, स्टेअरिंगचा रॉड एक्सल वर-खाली झाला की चाक आपोआप वळवतो का, किंग पिनचा कल किती राहतो, हे सगळं स्वतः ठरवायला लागतं. भर रस्त्यावर ऐंशीने जाणाऱ्या गाडीचं हे गणित मी शेडमध्ये करणार नाही.

ग्रीसचा डबा

मी प्रोपेलर शाफ्टचंच काम करतो, सांगलीत. काकांनी योकचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. एक भर घालतो. बऱ्याच लोकांना वाटतं जॉइंट एकदम सरळ रेषेत बसवला की उत्तम, पण तसं नाही. जॉइंटच्या मधल्या क्रॉसच्या बेअरिंगमध्ये बारीक सुया असतात, जॉइंट अगदी सरळ असेल तर त्या फिरतच नाहीत, एकाच जागी ठोकून ठोकून खड्डा पाडतात. एखाद-दुसरा अंश कोन पाहिजेच. आणि दोन्ही टोकांचा कोन सारखा पाहिजे, म्हणजे गिअरबॉक्सचा किंवा ट्रान्स्फरचा निघणारा दांडा आणि एक्सलच्या पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर.

शाफ्ट आखूड झाला की तेवढ्याच उंचीसाठी कोन वाढतो, हे पिकअपवाले विसरतात. रिकाम्या गाडीला मागचे पाटे उंच उभे असतात, भरल्यावर बसतात, दोन्ही वेळा कोन मोजा. मोबाईलमध्ये कोन मोजायचं अॅप असतं, शाफ्टवर ठेवलं तरी कामचलाऊ आकडा मिळतो. आणि स्लिप जॉइंट पूर्ण आत जाऊन आदळत नाही ना ते पण बघा, आदळला तर गिअरबॉक्सचं मागचं हाउसिंग फुटतं.

तिसरा गिअर

एक विचारू का. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते ना, मध्ये छोटा शाफ्ट असतो. ती चासीला लटकवली तर गिअरबॉक्स उघडायला नको. आमच्याकडे एक जण तेच करायचं म्हणतोय.

जुनं लोखंड

प्रश्न चांगला आहे आणि तत्त्व बरोबर आहे. सुटी केस हा घरगुती कामासाठी सगळ्यात सोयीचा प्रकार, गिअरबॉक्सला हात लागत नाही. पण जिप्सीची केस तुमच्या डिझेल पिकअपला लावू नका, दोन कारणं.

पहिलं म्हणजे त्या केसचा हाय, म्हणजे रस्त्यावरचा, रेशो एकास एक नाही, १.४०९ आहे, आणि लो, म्हणजे हळू पण जास्त जोराचा, २.२६८. म्हणजे साधं रस्त्यावर चालताना पण सगळा रेशो १.४ पटीने खाली येतो. मागचा एक्सल ४.२७ असेल तर तो ६ असल्यासारखा वागणार. हायवेला टॉप गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडत राहील, डिझेल जळेल.

दुसरं, ती केस एक लिटर आणि तेराशे सीसीच्या पेट्रोल इंजिनासाठी बनलेली. अडीच लिटर डिझेलचा टॉर्क, वर पहिला गिअर, वर पाठीत टनभर माल, ओल्या उतारावर. त्यातले दात आणि बेअरिंग त्यासाठी नाहीतच. केस रिकाम्या गाडीत फुटत नाही, ती फुटते चढाच्या मध्यावर, आणि लाल मातीच्या गावात चढाच्या खाली वहाळ आहे.

कलम बावन्न

मंडळी, मी मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम बघते, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे आणि ती मोकळेपणाने लिहिते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे लावून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. टायर थोडा रुंद घातला आणि कोणी विचारलं नाही, त्यातला हा प्रकार नाही. एक्सल, स्टेअरिंग, ब्रेक सगळ्यालाच हात लागतोय.

"माझ्याच जमिनीत चालवतो" हा युक्तिवाद लोक करतात. कलम ३९ मध्ये नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागी "किंवा इतर कोणत्याही जागी" चालवायला मनाई आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेली खास गाडी व्याख्येतून वगळलेली आहे. जुनं लोखंड काकांची खाणीतली जीप कदाचित त्यात बसवता येईल, पण लाल माती यांची पाणंद गावाची आहे आणि गाडी पुढे डांबरी रस्त्याला लागते, म्हणजे तिथे तो बचाव नाहीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही वाडीतल्या आजारी माणसांना त्या गाडीतून आणता. उतारावर काही झालं आणि गाडीत असा बदल निघाला तर विमा कंपनी आधी तेच बोट ठेवणार. नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या घरावर, बागेवर येऊ शकतो. असे दावे वर्षानुवर्षं चाललेले मी बघितलेत, दोन्ही बाजूंची कुटुंबं त्यात भरडली जातात. कृपा करून रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका.

लाल माती

ताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं आरटीओत जाऊन नोंद करून घेतली की झालं. विचारात पडलोय.

सातासमुद्रापार

मी मिशिगनमध्ये असतो, मूळचा चिपळूणचा, त्यामुळे दोन्हीकडचा चिखल माहिती आहे. इथे हा प्रकार फार जुना आहे म्हणून लिहितो.

अमेरिकेत पिकअपला कंपनीतून फोर व्हील मिळायच्या कितीतरी आधी बाहेरच्या कंपन्या रूपांतर करून द्यायच्या. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन १९३० च्या दशकापासून फोर्डचे ट्रक फोर व्हील करत होती. मिनिआपोलिसची नॅपको शेवरोले आणि जीएमसीसाठी पूर्ण किट विकायची, त्यातली ट्रान्स्फर केस पण सुटीच असायची, आणि ते किट इतकं नीट बसायचं की १९५७ पासून शेवरोलेने ते स्वतःच्या ऑर्डर यादीतच घातलं. फोर्डने १९५९ ला स्वतःचं फोर व्हील पिकअप काढलं. मुद्दा असा की त्या काळचे सगळे ट्रक पुढे पाटे आणि सरळ बीमचे होते. बीम काढला, लाइव्ह एक्सल लावला, त्याच पाट्यांवर बसला. काकांची खाणीतली जीप त्याच प्रकारातली.

पुढे टू व्हील पिकअपला पुढे कॉइल आणि इंडिपेंडंट आलं आणि हे सगळं बदललं. शेवरोलेचे १९७३ ते ८७ चे चौकोनी ट्रक घ्या, टू व्हीलला सी आणि फोर व्हीलला के म्हणतात, वरून एकसारखे, खाली पुढची चासी वेगळी. इथले अनुभवी लोक सी ला कापाकापी करून के बनवत बसत नाहीत. ते के ची पूर्ण चासी आणतात, इंजिन-गिअरबॉक्स-ट्रान्स्फर-दोन्ही एक्सलसकट, आणि सी ची केबिन आणि हौदा उचलून तिच्यावर ठेवतात. माझ्या शेजाऱ्याने तेच केलं. टेक्सासहून न गंजलेली केबिन आली, इकडे बर्फावर मीठ टाकतात त्यामुळे पत्रा राहत नाही. चासी आम्ही तारेच्या ब्रशने घासून रंगवली, केबिनचे रबर माउंट नवे घातले, बोल्ट आपापल्या भोकात बसले. कुठेही नवीन ब्रॅकेट वेल्ड करावं लागलं नाही. भारतात चासी नंबरच गाडीची ओळख, त्यामुळे तिथे हा मार्ग कागदावर बंदच असणार, ते ताई सांगतील. पण त्यातली अक्कल घेण्यासारखी आहे, सुटे पार्ट गोळा करू नका, जुळलेला पूर्ण संच जिथे आहे तिथे जा.

कोल्हापुरी चाक

लाल माती भावा, मी शिरोळचा, आमच्याकडं काळी माती. माझं म्हणणं ऐक, तुला फोर व्हील पाहिजेच कशाला? मागच्या एक्सलला लॉकर टाक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात फिरायला लागलं की दुसऱ्याला पण तेवढाच कमी जोर मिळतो, मग गाडी एका चाकावर नाचत बसते. ईटनचा मेकॅनिकल लॉकर थारमध्ये यायचा, दोन चाकांत शंभर आरपीएमच्या आसपास फरक पडला की आपोआप लॉक होतो, बटन नाही काय नाही. तुझ्या एक्सलला बसणारा कंपनीचा मिळतो का बघ. मड टायर घे. हवा कमी कर उतरताना, वर आल्यावर भर. आणि रिकामी पिकअप मागून हलकी असते, हौद्यात खताची पोती टाकून जा. आमच्या ऊसाच्या फडातनं मी अशीच बाहेर काढतोय गाडी.

जुनं लोखंड

लॉकर आणि टायरचं बरोबर आहे, चढाला नक्की फरक पडेल. पण दोन गोष्टी. एक म्हणजे आडव्या कललेल्या वाटेवर मागचा एक्सल लॉक झाला की दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची शेपटी खालच्या अंगाला जाते. लॉक नसताना एक चाक फिरतं पण दुसरं निदान जागा धरून राहतं. शिरोळच्या सपाट फडात याची भीती नाही, यांच्या पाणंदीच्या कडेला वहाळ आहे.

दुसरी गोष्ट मला लाल मातीलाच विचारायची आहे. तुझी गाडी चढताना अडते का उतरताना घसरते?

लाल माती

काका, खरं सांगायचं तर चढताना अडकली तर दगड टाकून, ढकलून निघते, फार तर शेजारच्या ट्रॅक्टरला बोलवतो. भीती वाटते ती उतरताना. पहिल्या गिअरमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी वेग घेते, ब्रेक लावला की चाकं लॉक होऊन गाडी नुसती सरकत जाते, स्टेअरिंग फिरवून काही होत नाही. मागे एकदा गडग्याला घासून थांबली. हौद्यात माणसं होती.

जुनं लोखंड

हेच ऐकायचं होतं, कारण उत्तर यावर ठरतं. उतारावर गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. तुझ्या गाडीत इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे जिथे वजन नाही तिथेच. लॉकरने यात काही होत नाही. फोर व्हीलमध्ये तोच इंजिन ब्रेक चारही चाकांवर वाटला जातो आणि वजन आलेली पुढची चाकं पण गाडी धरतात.

आणि खरा उपयोग लो चा. हिशोब करून दाखवतो. समजा पहिला गिअर ४, एक्सल ४.२७, गुणाकार सुमारे १७. इंजिन १५०० वर असेल तर चाक मिनिटाला ८८ वेळा फिरणार, २.२ मीटर घेराचा टायर धरला तर ताशी साडेअकरा किलोमीटर. ओल्या उतारावर हा वेग खूप आहे, म्हणून ब्रेक लावावा लागतो आणि म्हणून चाकं लॉक होतात. आता स्पायसर १८ चा लो २.४६ मध्ये घाल, गुणाकार ४२ होतो, चाक मिनिटाला ३६, ताशी पावणेपाच. जवळजवळ चालत्या माणसाचा वेग. ब्रेकला पायच लावायचा नाही, क्लचला तर अजिबात नाही, गाडी इंजिनवर गुरगुरत उतरते आणि चाकं फिरत राहतात म्हणून स्टेअरिंग ऐकतं.

म्हणून माझं मत असं, तुला फोर व्हील लो पाहिजेच. पण या गाडीला ते घरी बसवू नकोस. कंपनीतून फोर व्हील आलेली जुनी कॅम्पर शोध, कागद स्वच्छ असलेली, आणि ही विक. तुझ्या मित्राचा लेथ, शेड, चेन पुली सगळं त्या गाडीचं ट्रान्स्फर उघडून नीट करायला वापर.

कलम बावन्न

याला माझा पूर्ण पाठिंबा. आरसीवरचं मॉडेल आणि चासी नंबर आधी ताडून घ्या, आधीच्या मालकाने कोणी टू व्हीलची फोर व्हील करून विकलेली नको.

तिसरा गिअर

आणि थारचं काय? मागच्या चाकांवर चालणारी थार स्वस्त पडते, ती घेऊन नंतर फोर व्हील करायची असं काही जण म्हणतात.

सातासमुद्रापार

मुळीच नको. २०२० ची थार फोर बाय फोरच आली होती, मागच्या चाकांची जानेवारी २०२३ ला आली, आणि तिचं डिझेल पण वेगळं आहे, दीड लिटरचं. ट्रान्स्फर केस नाही, पुढे डिफरन्शियल नाही, आणि एबीएस, ईएसपीचा कॉम्प्युटर चारही चाकांचा वेग सतत बघत असतो. यांत्रिक काम जमलं तरी ती कॉम्प्युटरची बाजू शेडमध्ये जमणार नाही. पैसे वाचवायचे तर जुनी फोर बाय फोर घ्या.

लाल माती

मंडळी, बाबांशी आणि मित्राशी बोलून ठरवलं. रूपांतर करायचं नाही. काकांनी उतरण्याचं जे समजावलं ते मित्राला वाचून दाखवलं, त्याला लगेच पटलं. चौकशी केल्यावर लांज्याकडे कंपनीची फोर व्हील कॅम्पर मिळतेय, पत्र्याला गंज आहे पण इंजिन चांगलं आहे म्हणतात. रविवारी बघायला जातोय. जुन्या फोर व्हीलमध्ये काय बघायचं ते नीट सांगा, आम्हाला फक्त टू व्हीलचा अनुभव आहे.

जुनं लोखंड

छान. जाताना जॅक, टॉर्च, खडू आणि रिकामी बाटली घेऊन जा.

आधी दोन्ही एक्सलचा रेशो तपास, कारण कोणीतरी एकाच एक्सलचा क्राउन पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) बदललेला असू शकतो आणि बाहेरून ते कळत नाही. मागचं एक चाक उचल, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, गाडी टू व्हीलमध्ये. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरव आणि मित्राला खडूची खूण करून शाफ्टचे फेरे मोजायला सांग. एक चाक थांबलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना क्राउन एक फेरा फिरतो, म्हणून शाफ्टचे जितके फेरे तितका रेशो. चार आणि पाव दिसला तर ४.२७. पुढे पण तसंच कर, हब लॉक करायचे असतील तर करून, फक्त या वेळी दगड मागच्या चाकांना लाव. दोन्हीकडे सारखाच आला पाहिजे. पुढे ४.१० आणि मागे ४.२७ असेल तर शंभर मीटरला चार मीटरचा फरक, चिखलात तो टायर घसरून निघून जाईल, कातळावर मात्र जॉइंटचे क्रॉस तोडेल. टायरचा साइज आणि झीज पण चारही चाकांना सारखी पाहिजे, कारण तेच.

मग ट्रान्स्फरचं थोडं ऑइल बाटलीत काढ. काळं असलं तर चालेल, दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय, आणि बोटांत घेऊन चोळल्यावर लोखंडाचे कण टोचले तर किंमत बरीच खाली आण किंवा सोडून दे. चाकांच्या आतल्या बाजूने शाफ्टचे रबर बूट फाटलेत का बघ, ग्रीस उडालेलं दिसेल. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून फोर व्हीलमध्ये हळू चालव, कट कट आवाज आला तर त्या बाजूचा बाहेरचा जॉइंट गेलाय.

ग्रीसचा डबा

दोन्ही प्रोपेलर शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर लगेच हाताला लागते. पुढचा शाफ्ट जास्त बघा, वर्षानुवर्षं न वापरता गंजलेला असतो. स्लिप जॉइंटचं ग्रीस निप्पल बहुतेक वेळा मातीने बुजलेलं असतं, साफ करून ग्रीस मारून बघा, ग्रीस आत जातंय का ते.

लाल माती

सगळं लिहून घेतलं. एकच शेवटचं, लो कधी टाकायचा? चालत्या गाडीत?

जुनं लोखंड

नाही. लो टाकताना गाडी थांबवायची, क्लच दाबायचा, मग टाकायचा. आणि पाणंद सुरू व्हायच्या आधी वर सपाटीवरच टाक, उतारावर मध्येच थांबून टाकायला जाऊ नकोस, कारण बदलताना काही क्षण ट्रान्स्फर न्यूट्रल असते आणि तेव्हा इंजिन गाडीला धरत नाही.

डांबरावर आलास की फोर व्हील काढायची. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे कोरड्या कडक रस्त्यावर सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर निघत नसेल तर जोर लावू नकोस, रिव्हर्समध्ये दोन-चार मीटर सरळ मागे घे, पीळ सुटतो आणि लिव्हर आपसूक निघते. रविवारी ओल्या शेतात सरळ दोनेकशे मीटर फोर व्हीलमध्ये नेऊन हे करून बघ. सरळ जाऊनही लिव्हर दरवेळी अडकत असेल तर रेशो किंवा टायर जुळत नाहीत, मग मालक काहीही म्हणो, परत खडू काढ आणि मोज.